बनियनवरचा डाग : पुरुषांच्या स्तनाच्या कर्करोगाविषयी घरात आणि गावात कसे बोलावे?

कृष्णाकाठ

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातील एका गावची आहे. माझे वडील (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) सुतारकाम करतात आणि त्यांचे वय ६३ आहे. गेल्या वर्षी श्रावणात धुणे धुताना आईला त्यांच्या बनियनवर, डाव्या बाजूला, ज्वारीच्या दाण्याएवढा तांबूस डाग दिसला. फळी उचलताना काही लागले असेल असे समजून तिने तो साबणाने घासून काढला. चार दिवसांनी डाग पुन्हा त्याच जागी उमटला. पुढे पाच महिने आई तो डाग घासत राहिली आणि अण्णा छातीवरच्या बोंडाला हळद लावत राहिले. दोघांपैकी कोणीही आम्हा मुलांना त्याबद्दल एक शब्द सांगितला नाही.

संक्रांतीला माहेरी गेले तेव्हा दोरीवर वाळत घातलेल्या तिन्ही बनियनांवर एकाच जागी फिकट पिवळसर खूण दिसली म्हणून मी विचारले. तोपर्यंत डावे बोंड आत ओढले गेले होते आणि त्यामागे सुपारीएवढी कडक गाठ हाताला लागत होती. तालुक्याच्या ठिकाणी एका दवाखान्यात गळू समजून दोन वेळा औषधे दिली गेली आणि त्यात आणखी सहा आठवडे गेले. अखेर सुईने तुकडा काढून तपासला तेव्हा स्तनाचा कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले. अण्णांचे पहिले वाक्य होते, "बाईमाणसाचं दुखणं मला कसं काय?" शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि किरणोपचार पूर्ण झाले आहेत आणि आता रोज एक गोळी सुरू आहे.

आमच्या गावातील मंडळ ऑक्टोबरमध्ये आरोग्य शिबिर घेते. त्याच्या फलकावर दरवर्षी "महिलांसाठी मोफत स्तन तपासणी" असे लिहिलेले असते. या वर्षी त्यात पुरुषांचाही उल्लेख असावा असे मी सुचवले तेव्हा बैठकीत काही जण हसले, काहींनी माना खाली घातल्या आणि एका ज्येष्ठांनी "आपल्याकडचे पुरुष येणार नाहीत, उगाच चर्चा होईल" असे सांगितले. पत्रकाचा मजकूर मात्र मीच लिहावा असे ठरले आहे. आपल्या घरातील पुरुष कोणत्या शब्दांनी थांबतील आणि वाचतील, हे मला आपल्या सर्वांकडून समजून घ्यायचे आहे.

रानपाखरू

ताई, माझे वय ४७ आहे आणि हा आजार पुरुषांना होतो हे मला आज, आपले लिखाण वाचून कळले. अण्णांना लवकर आराम पडो.

निवृत्त_शल्यक

मी ३४ वर्षे शल्यचिकित्सा केली आणि त्या काळात पुरुषांच्या स्तनाच्या कर्करोगाचे मोजकेच रुग्ण पाहिले. पण जे पाहिले त्यांतील बहुतेक आपल्या वडिलांसारखे उशिरा आलेले होते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

वयात येईपर्यंत मुलगा आणि मुलगी यांच्या स्तनांची रचना जवळजवळ सारखीच असते. मुलीमध्ये संप्रेरकांमुळे तेथील ग्रंथी वाढतात, मुलामध्ये त्या वाढत नाहीत. परंतु बोंडामागे दुग्धनलिकांचा लहानसा पुंजका प्रत्येक पुरुषात जन्मभर राहतो. पुरुषांचा कर्करोग बहुतांशी या नलिकांच्या अस्तरातूनच सुरू होतो. स्तनाच्या कर्करोगाच्या एकूण रुग्णांत पुरुषांचे प्रमाण सुमारे १ टक्का आहे आणि निदानाच्या वेळी वय बहुधा साठीच्या पुढे असते.

पुरुषाच्या छातीवर ऊती इतकी कमी असते की गाठ लहान असतानाच हाताला लागायला हवी, आणि ती लागतेही. मात्र त्याच कारणामुळे तिला त्वचेपर्यंत, बोंडापर्यंत आणि खालच्या स्नायूपर्यंत पोहोचायला फार अंतर पार करावे लागत नाही. म्हणजे निसर्गाने लवकर ओळखण्याची सोय दिली आहे आणि ती सोय आपण न बोलण्यात घालवतो. बोंडामागे किंवा त्याच्या कडेला असलेली कडक, बहुधा न दुखणारी गाठ. बोंड आत ओढले जाणे. बोंडातून रक्त किंवा पाणी येणे. तेथील कातडीला खळगा पडणे, ती लाल होणे किंवा न भरणारी जखम होणे. काखेत गाठ लागणे, यांपैकी काहीही आढळले तरी त्याच आठवड्यात शल्यचिकित्सकाला दाखवावे. दुखत नाही म्हणून थांबू नये. न दुखणे हेच अनेकदा फसवते.

चाफेकळी

डॉक्टर, सुई लावली की गाठ पसरते असे आमच्याकडे सर्रास म्हणतात. माझ्या सासऱ्यांनी मानेच्या गाठीच्या वेळी याच भीतीने तपासणी चार महिने लांबवली होती. यावर कृपया लिहावे.

निवृत्त_शल्यक

चाफेकळी, आपण विचारलेत हे फार चांगले केलेत, कारण या एका समजुतीने किती माणसे उशिरा आणली याची गणती नाही. स्तनाच्या गाठीची सुईने केलेली तपासणी सुरक्षित आहे आणि तिच्यामुळे आजार पुढच्या पायरीवर जातो असे नाही. तपासणीनंतर काही महिन्यांनी आजार वाढलेला दिसतो, कारण त्या महिन्यांत उपचार घेतलेले नसतात. दोष मात्र सुईला दिला जातो. तुकड्याशिवाय निदान पक्के होत नाही आणि गाठ संप्रेरकांवर वाढणारी आहे की नाही हेही कळत नाही. पुरुषांमधील दहापैकी सुमारे नऊ गाठी इस्ट्रोजेन या संप्रेरकाला प्रतिसाद देणाऱ्या असतात. ताईंच्या वडिलांची रोजची गोळी बहुधा टॅमॉक्सिफेन असावी, ती त्यासाठीच.

समतोल

मी थोडे वेगळे मत मांडतो आणि ते कोणाच्या दुःखाचा अनादर म्हणून घेऊ नये ही विनंती. भारतातील पुरुषांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग तोंडाचा आहे. गावच्या शिबिरात दोन डॉक्टर आणि चार तास असतात. तेथे येणाऱ्या पुरुषांचे तोंड उघडून पाहिले, तंबाखूबद्दल बोलले, रक्तदाब आणि साखर तपासली, तर अधिक जीव वाचतील. शंभरात एक वाटा असलेल्या आजारासाठी फलकावर जागा दिली तर भीती पसरेल आणि ज्याची खरी गरज आहे ते मागे पडेल, असे मला वाटते.

पायवाट

समतोल, मी १८ वर्षे आरोग्यसेविका म्हणून काम करते आहे. तोंडाच्या कर्करोगाबद्दलचे आपले म्हणणे अगदी बरोबर आहे आणि ती तपासणी आम्ही करतोच. तरीही मी रोज हाताळते त्या कागदाबद्दल सांगते. तिशीच्या पुढच्या प्रत्येक माणसासाठी आशाताई घरोघरी एक अर्ज भरतात. त्यात खोकला, वजन घटणे, तोंडातील चट्टा हे प्रश्न सर्वांना आहेत. स्तनात गाठ आहे का, बोंडातून रक्तमिश्रित स्राव येतो का, आकारात बदल झाला आहे का, हे प्रश्न मात्र फक्त महिलांच्या भागात आहेत. पुरुषासमोर बसलेली आशाताई तो भाग ओलांडून पुढे जाते. तिची चूक काहीच नाही. कागदच तिला तसे सांगतो.

ताईंच्या अण्णांच्या दारातही कोणीतरी हा अर्ज घेऊन गेले असेल. एक प्रश्न विचारायला अर्धे मिनिट लागले असते. मी स्वतः गेल्या काही वर्षांपासून पुरुषांनाही "छातीवर, बोंडाजवळ कुठे गाठ वगैरे लागते का?" असे विचारते आणि आजवर एकानेही त्याचा राग मानलेला नाही.

निवृत्त_शल्यक

समतोल यांचा मुद्दा मी गंभीरपणे घेतो. पुरुषांची सरसकट मॅमोग्राफी (स्तनाची एक्स-रे तपासणी) करावी असे कोणताही जाणकार म्हणत नाही आणि तसे करूही नये. इतक्या विरळ आजारात त्यातून निष्पन्न कमी आणि धास्ती जास्त होईल. ज्याला काहीच लक्षण नाही अशा पुरुषाला शिबिरात रांगेत उभे करण्याची गरज नाही. ज्याला गाठ लागली आहे आणि जो गप्प बसला आहे त्याला बोलते करायचे आहे, आणि त्यासाठी यंत्र लागत नाही, फलकावरची एक ओळ पुरते.

उशिराची किंमत किती असते याचा एक आकडा देतो. अमेरिकेतील मोठ्या नोंदवहीतून २००४ ते २०१४ या काळातील सुमारे १६ हजार पुरुष आणि १८ लाखांहून अधिक स्त्रिया यांची तुलना २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. निदानानंतर पाच वर्षांनी जिवंत असलेल्या स्त्रिया सुमारे ८६ टक्के होत्या आणि पुरुष सुमारे ७८ टक्के. या फरकाचा मोठा भाग आजार कोणत्या टप्प्यावर सापडला आणि उपचार पुरेसे मिळाले की नाही यातून येतो.

साठीपार

बरेच दिवस या धाग्यावर लिहू की नको असे चालले होते. मी स्वतः या आजाराचा रुग्ण आहे; शस्त्रक्रियेला साडेचार वर्षे झाली. माझ्या सख्ख्या भावाला सोडून नात्यात कोणाला हे माहीत नाही, इतरांना "छातीत गाठ होती, काढली" एवढेच सांगितले आहे.

आजारापेक्षा त्याच्या भोवतालच्या गोष्टींनी मला जास्त थकवले, आणि त्याच लिहितो, कारण पत्रक लिहिणाऱ्याला त्या माहीत असाव्यात. मॅमोग्राफीच्या खोलीबाहेर बाकावर १४ जणी बसल्या होत्या आणि मी. मदतनीस बाईंनी बाहेर येऊन माझ्या आडनावामागे "श्रीमती" लावून हाक मारली. मी उठलो तेव्हा त्या म्हणाल्या, "पेशंटला पाठवा, तुम्ही बसा." मला सर्वांसमोर सांगावे लागले की पेशंट मीच आहे. आत भरायच्या अर्जात पाळी कधी सुरू झाली, मुले किती, अंगावर किती महिने पाजले, असे रकाने होते. मी प्रत्येकासमोर आडवी रेघ मारत गेलो. औषधाच्या दुकानात पहिल्यांदा टॅमॉक्सिफेन घ्यायला गेलो तेव्हा काउंटरवरच्या मुलाने सहानुभूतीने विचारले, "काकूंना कधीपासून आहे?" मी "झाले सहा महिने" असे उत्तर दिले आणि घरी येऊन पत्नीची क्षमा मागितली.

यांपैकी कोणाच्याही मनात वाईट हेतू नव्हता. तंत्रज्ञ बाईंनी तर मला पुढच्या वेळी सकाळी पहिली वेळ दिली, म्हणजे बाकावर थांबावे लागणार नाही. परंतु जो माणूस पहिल्यांदाच धीर गोळा करून आला आहे तो "श्रीमती" ऐकून जिन्याने खाली निघून जाऊ शकतो. मी त्या दिवशी जिन्यापर्यंत गेलो होतो. पत्नीने हात धरून परत आणले.

कृष्णाकाठ

काका, आपण लिहिलेत त्याबद्दल कोणत्या शब्दांत आभार मानावेत कळत नाही. मी आपला प्रतिसाद अण्णांना वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्यांना विचार, रात्री अंगातून वाफा निघतात का." हा प्रश्न त्यांनी आम्हाला किंवा डॉक्टरांना आजवर विचारलेला नव्हता.

साठीपार

अण्णांना माझा नमस्कार सांगा. होय, निघतात. पहिल्या वर्षी रात्री दोन-दोनदा सदरा बदलावा लागायचा, आता पुष्कळ कमी झाले आहे. वजन थोडे वाढते, मन उगाच जड होते आणि पती-पत्नीच्या नात्यातही फरक पडतो. या शेवटच्या गोष्टीबद्दल पुरुष डॉक्टरांशी बोलत नाहीत आणि परस्पर गोळी बंद करतात. तसे करू नये. मी बोललो तेव्हा डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मार्ग काढला. पोटरी एकाएकी सुजली, दुखली किंवा धाप लागली तर मात्र वाट न पाहता दवाखाना गाठावा, कारण या गोळीने क्वचित रक्ताची गुठळी होऊ शकते.

जुईली

आमच्या घरातील अनुभव आनुवंशिकतेचा आहे. माझी आत्या ४१ व्या वर्षी आणि आजी ५० च्या आत स्तनाच्या कर्करोगाने गेली. आम्ही बहिणी आपापली काळजी घेत राहिलो आणि "हे बायकांच्या बाजूने येते" या समजुतीत बाबांचा विचार कोणीच केला नाही, जरी आत्या ही त्यांचीच बहीण आणि आजी त्यांचीच आई होती. ६६ व्या वर्षी बाबांना गाठ आली. तपासणीत बीआरसीए२ या जनुकातील बिघाड सापडला.

समुपदेशक बाईंनी तेव्हा कागदावर आमचा वंशवृक्ष काढून समजावले ते मी विसरणार नाही. हा बिघाड आईकडून येतो तसाच वडिलांकडूनही येतो आणि प्रत्येक अपत्याला, मुलगा असो की मुलगी, तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. सर्वसाधारण पुरुषाला आयुष्यभरात हा आजार होण्याची शक्यता हजारात एकाच्या आसपास असते. बीआरसीए२ बाधित पुरुषात ती शंभरात सहा ते आठ इतकी होते, शिवाय प्रोस्टेटच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. माझ्या भावाची चाचणी सकारात्मक आली. तो ३८ वर्षांचा आहे, दर महिन्याला स्वतः तपासतो आणि वर्षातून एकदा डॉक्टरांकडून तपासून घेतो. माझी चाचणी नकारात्मक आली आणि त्या दिवशी मला आनंद होण्याऐवजी त्याच्याकडे बघवत नव्हते.

ज्यांच्या घरी असा इतिहास आहे त्यांनी आनुवंशिकी समुपदेशन अवश्य घ्यावे. टाटा स्मारक केंद्रात कर्करोग आनुवंशिकीचा स्वतंत्र विभाग आहे आणि तेथे पुरुषांनाही तितक्याच आस्थेने बसवून सांगतात. गायिका बियॉन्से यांचे वडील मॅथ्यू नोल्स यांनी २०१९ मध्ये आपला आजार आणि बीआरसीए२ चा बिघाड जाहीरपणे सांगितला तेव्हा माझ्या भावाने ती बातमी मला पाठवली होती, सोबत एकही शब्द न लिहिता.

शब्दवेल्हाळ

मला या धाग्यात एक भाषेची अडचण दिसते आणि ती पत्रकाच्या मजकुराशी थेट संबंधित आहे. मराठीत पुरुषाला छाती असते आणि स्त्रीला स्तन. छाती काढून चालावे, छाती ठोकून सांगावे, छप्पन्न ठिकाणी छातीचा उल्लेख पराक्रमासाठी होतो; "स्तन" हा शब्द पुरुषाच्या संदर्भात आपण शाळेच्या जीवशास्त्राच्या पुस्तकाबाहेर कधी वापरलाच नाही. त्यामुळे "पुरुषांच्या स्तनाचा कर्करोग" असे वाचले की वाचणाऱ्याला ते स्वतःबद्दल आहे असे वाटतच नाही. "छातीचा कर्करोग" असे लिहावे, असे माझे मत आहे.

निवृत्त_शल्यक

आपले निरीक्षण मोलाचे आहे, पण "छातीचा कर्करोग" म्हटले की बहुतेकांना फुप्फुस आठवते. तसा गैरसमज झालेले रुग्ण मी पाहिले आहेत. ते छातीचा एक्स-रे काढून, "सगळे ठीक आहे" असे समजून घरी गेले होते. आजाराचे नाव स्तनाचा कर्करोग हेच ठेवावे लागेल, नाहीतर रुग्ण चुकीच्या दारात उभा राहील.

पायवाट

मग आजाराचे नाव एकदा स्पष्ट लिहावे आणि जागा सांगताना "छातीवर, बोंडामागे" असे लिहावे. गावात "बोंड" म्हटलेले सर्वांना कळते आणि त्याची लाजही वाटत नाही. "स्तनाग्र" लिहिले तर निम्मे लोक पुढे वाचणार नाहीत.

निळाई

माझा भाचा १५ वर्षांचा आहे. गेल्या वर्षीपासून त्याच्या छातीला दोन्हीकडे उभार आला आहे. वर्गातील मुले त्याला ज्या नावाने हाक मारतात ते मी येथे लिहू शकत नाही. तो पोहायला जाणे बंद झाला आहे आणि उन्हाळ्यातही दोन शर्ट घालतो. हे वाचून त्याची आई घाबरली आहे. हा त्यातलाच प्रकार आहे का?

निवृत्त_शल्यक

निळाई, त्याच्या आईला आजच फोन करून सांगा की घाबरण्याचे कारण नाही. वयात येताना पुष्कळ मुलांमध्ये संप्रेरकांच्या तात्पुरत्या असमतोलामुळे स्तनाच्या ऊती वाढतात आणि बहुतेकांत एक ते दोन वर्षांत त्या आपोआप ओसरतात. हा कर्करोग नव्हे. एकदा डॉक्टरांना दाखवून घ्यावे, ते वृषणांचीही तपासणी करतील.

मोठ्या वयात असा उभार काही औषधांनी येतो, उदाहरणार्थ स्पायरोनोलॅक्टोन, तसेच यकृताचा सिरोसिस झाल्यानेही येतो. तो सहसा बोंडाभोवती सारखा, मऊसर, कधी दुखरा असतो. कर्करोगाची गाठ बहुधा एकाच बाजूला, कडक आणि मध्यापासून थोडी सरकलेली असते. तरीही हाताने फरक ठरवण्याचे काम घरी करू नये. सिरोसिस, लठ्ठपणा, छातीवर पूर्वी घेतलेले किरणोपचार, वृषणांचे आजार आणि क्लाइनफेल्टर सिंड्रोम, ज्यात पुरुषाला एक एक्स गुणसूत्र जास्त असते, यांत कर्करोगाचा धोका अधिक असतो हे मात्र ध्यानात ठेवावे.

शब्दवेल्हाळ

निळाई, त्या मुलाला मारलेली हाक आणि बैठकीतील हसणे ही एकच गोष्ट आहे. पंधराव्या वर्षी ज्याला छाती झाकायला शिकवले तो साठाव्या वर्षी ती उघडून डॉक्टरांना दाखवणार नाही. शाळेतील शिक्षकांशी बोलायला हवे.

सातासमुद्रापार

मी २० वर्षे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना येथे राहतो. आमच्या राज्यात कँप लेजून नावाचा मरीन सैनिकांचा मोठा तळ आहे. १९५३ पासून १९८७ पर्यंत तेथील काही भागांतील पिण्याच्या पाण्यात ट्रायक्लोरोएथिलीन, परक्लोरोएथिलीन, बेंझीन यांसारखी रसायने मिसळत होती; त्यांतील काही कपडे धुण्याच्या एका दुकानातून, तर काही तळावरील टाक्यांतून आणि कचऱ्यातून जमिनीत उतरली होती. पुढे त्या तळावर राहिलेल्या किंवा तेथे जन्मलेल्या पुरुषांपैकी अनेकांना स्तनाचा कर्करोग झाल्याचे त्यांच्या स्वतःच्याच ध्यानात आले. विरळ आजाराचे इतके रुग्ण एका ठिकाणाशी जोडलेले दिसणे हीच खूण होती. या पुरुषांनी छातीवरचे शस्त्रक्रियेचे व्रण उघडे ठेवून छायाचित्रे काढू दिली आणि संसदेपुढे साक्षी दिल्या. तेथील पाण्याने आजारी पडलेल्यांना न्यायालयात दाद मागता यावी असा कायदा २०२२ मध्ये झाला.

हे सांगण्याचे कारण असे की, एकेकटा माणूस "माझ्याच वाट्याला आले" असे समजून गप्प राहिला असता तर इतके रुग्ण एकाच ठिकाणाशी जोडलेले आहेत हे कोणाला दिसलेच नसते. येथे गुलाबी फितीला निळी कड लावून पुरुषांची आठवण ठेवतात. तसेच पुरुषांना औषधांच्या चाचण्यांत घेतलेच जात नसल्याने २०१९ मध्ये पॅल्बोसिक्लिब या औषधाला पुरुषांसाठी मान्यता देताना अमेरिकेच्या औषध प्रशासनाला प्रत्यक्ष वापराच्या नोंदींवर भर द्यावा लागला. संख्या कमी म्हणून संशोधन कमी, आणि संशोधन कमी म्हणून स्त्रियांसाठी ठरलेलेच उपचार पुरुषांना, असे हे चक्र आहे.

समतोल

मी माझे पहिले मत बदलतो आहे, निदान अर्धे. शिबिराची वेळ आणि डॉक्टरांचे लक्ष तोंडाच्या तपासणीसाठीच राहावे, असे अजूनही वाटते. परंतु पायवाट यांनी सांगितलेला तो एक प्रश्न तोंड तपासतानाच विचारता येईल. पुरुष समोर बसलेलाच असतो. त्यासाठी वेगळी रांग नको, वेगळा पडदा नको आणि फलकावर कोणाला लाज वाटेल असे काही नको. खर्चाबद्दलही एक ओळ असावी. आपल्याकडे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि किरणोपचार समाविष्ट आहेत आणि योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात, हे माहीत नसल्याने लोक आधी जमीन गहाण टाकण्याचा विचार करतात.

चाफेकळी

एक सुचवावेसे वाटते. पत्रक पुरुषांना उद्देशून असले तरी ते बायकांच्या हातात जायला हवे. कपडे धुणारी, पाठ चोळून देणारी, रात्री कूस बदलताना हात लागणारी तीच असते. ताईंच्या आईंना तो डाग पहिल्या दिवशी दिसला होता.

कृष्णाकाठ

चाफेकळी, हे वाचून मी आईकडे पाहू शकले नाही, कारण ती स्वतःला अजून दोष देते. काल तिला म्हटले की तुला कोणी सांगितलेच नव्हते, तर तुला कसे कळणार? तिचे उत्तर होते, "मग आता बायांना मी सांगते." हळदीकुंकवाला जमणाऱ्या बायकांपुढे ती स्वतः बोलणार आहे.

अण्णांचेही सांगते. शस्त्रक्रियेनंतर हात वर जात नव्हता. काखेतील गाठी काढल्यावर खांदा आखडतो, म्हणून भिंतीवर बोटे चालवत रोज थोडे वर न्यायचा व्यायाम दिला होता. त्यांनी कानामागची पेन्सिल काढून पहिल्या दिवशी बोटे पोहोचली तेथे भिंतीवर रेघ मारली आणि मग रोज मारत गेले. माजघराच्या भिंतीवर आज त्या ४३ रेघा आहेत, सुताराच्या असल्याने सगळ्या समांतर. सर्वांत वरची रेघ दरवाजाच्या चौकटीच्या वर गेली आहे. रंधा अजून जड जातो, पण पटाशी धरतात.

आपल्या सर्वांच्या सूचनांवरून मजकूर असा केला आहे :

"पुरुषांनो, छातीवर बोंडामागे गाठ लागते का? बोंड आत ओढले गेले आहे का? त्यातून रक्त किंवा पाणी येते का? काखेत गाठ आहे का? दुखत नसले तरी दाखवा. स्तनाचा कर्करोग पुरुषांनाही होतो. प्रमाण कमी आहे, पण लवकर सापडला तर उपचार चांगले होतात. आई, बहीण, आत्या, मावशी, वडील किंवा भाऊ यांपैकी कोणाला हा आजार झाला असेल तर अधिक लक्ष द्या. तोंडाच्या तपासणीच्या टेबलावरच विचारा, वेगळी रांग नाही. सुई लावल्याने गाठ पसरत नाही. उपचारासाठी शासनाची योजना आहे."

साठीपार

मजकूर उत्तम आहे. एकच विनंती : "महिलांसाठी मोफत स्तन तपासणी" या ओळीखाली तो छापू नका, तोंडाच्या तपासणीच्या ओळीखाली छापा. पुरुष वरची ओळ वाचून पुढे जातो. आणि टेबलावर बसणाऱ्या मुलांना आधी सांगून ठेवा की कोणी बोलायला आला तर हसायचे नाही, आवाज वाढवायचा नाही आणि त्याला "बसा" म्हणायचे.

आपले गाव माझ्या गावापासून दोन तासांवर आहे. चालणार असेल तर त्या दिवशी त्या टेबलाजवळ मी येऊन बसेन. भावाला सांगितले आहे, आता बाकीच्यांनाही सांगेन.

कृष्णाकाठ

काका, नक्की या. उतरायला घर आहे आणि अण्णा वाट पाहतील.

पत्रकात शेवटचा बदल अण्णांनी केला. त्यांनी पूर्ण मजकूर वाचला आणि म्हणाले, "एवढं सगळं उभं राहून कोण वाचणार? वर बनियन काढ आणि त्याच्यावर डाग." मग स्वतःच कागद ओढून घेऊन, पट्टी न लावता, बनियन काढून दिले. मी खाली "हा डाग दिसला तर धुऊ नका, दाखवा" एवढेच लिहिले आहे. डाग लाल शाईने भरायचा राहिला आहे. उद्या सकाळी छापखान्यात जाण्यापूर्वी तो आईकडून भरून घेते, नेमकी जागा तिलाच माहीत आहे.